कंपनीच्या चुकीने जास्त आले, तर काय करावे

गेल्या मार्चमध्ये पोफळीच्या बागेला पाणी लावण्यासाठी अर्ध्या एचपीचा पंप ऑनलाइन मागवला होता. कणकवलीहून कुरिअरचा मुलगा एक खोका देऊन गेला आणि चार दिवसांनी तसाच दुसरा घेऊन आला. दोन्हींवर नाव माझेच आणि ऑर्डर क्रमांकही तोच होता. पैसे मात्र एकाच पंपाचे गेले होते. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, माझ्या कागदार तुमचाच नाव आसा. दुसरो कित्याक इलो, ता माका ठावक नाय." घरात लगेच चर्चा सुरू झाली की कंपनी एवढी मोठी, तिला एका पंपाचे काय. हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाच्या दारात येतो, म्हणून तो कसा सोडवावा हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम, आलेली वस्तू चुकीने आली आहे की जाणूनबुजून दिली आहे, हे ठरवावे. बिल, खात्यावरची नोंद आणि आलेले संदेश समोर ठेवले की बहुधा दहा मिनिटांत उलगडा होतो. वस्तू सदोष निघाल्यावर कंपनीने पैसे परत केले आणि "वस्तू तुमच्याकडेच राहू द्या" असे लेखी कळवले, तर ती निःसंकोच ठेवावी, कारण तो त्यांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. पण कोणी काहीच बोलले नाही, म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नये.

त्यानंतर, तूट कोणाच्या खिशातून भरली जाणार आहे, याचा विचार करावा, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक वेळ द्यायला हवा. ऑनलाइन दुकानाचे नाव मोठे असले, तरी माल पाठवणारा अनेकदा एखाद्या शहरातला लहान विक्रेता असतो. पेट्रोल पंपावर शंभराऐवजी पाचशेची नोट परत आली, तर संध्याकाळी हिशोब जुळेना म्हणून ती रक्कम पुष्कळदा तिथल्या मुलालाच भरावी लागते. आपल्याकडे हापूसच्या पेट्या पार्सलने पाठवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. हंगामाच्या घाईत चार डझनांच्या जागी सहा डझनांची पेटी चढली आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने स्वतःहून फोन करून फरकाचे पैसे पाठवले, की तो माणूस आपल्या वर्षानुवर्षे लक्षात राहतो. तरीही तोटा खरोखर धनाढ्य कंपनीचाच असला, तरी वस्तू आपली होत नाही. फक्त परत करताना मनावरचा भार थोडा हलका असतो, इतकेच.

"कंपन्या आपल्याला लुटतातच, मग एकदा आपण घेतले तर काय बिघडले," हा युक्तिवाद मला मान्य नाही. जादा आकारणीची तक्रार असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा ग्राहक आयोगाकडे करावी. एका व्यवहारातला राग दुसऱ्या व्यवहारात गुपचूप वसूल करू नये.

कायदाही इथे स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करणे बंधनकारक आहे. चूक कळल्यानंतरही अप्रामाणिक हेतूने ती स्वतःसाठी वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली तो गुन्हा ठरू शकतो. दुकानदाराने स्वतः ठरवलेल्या स्वस्त भावात आपण प्रामाणिकपणे खरेदी केली असेल, तर गोष्ट निराळी. केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही, असे त्याच करार कायद्याचे कलम २२ सांगते. मात्र बारा हजारांचा फ्रिज बाराशेला दिसला आणि शून्य गळाले आहे हे ओळखूनच आपण तो मागवला, तर त्याला प्रामाणिक खरेदी म्हणता येणार नाही.

कळवताना फोनवर विसंबू नये. ऑर्डर क्रमांक, खोक्याचा फोटो आणि मिळाल्याची तारीख घालून ईमेल करावा, खोके फोडू नये, आणि माल आपल्या दारातून त्यांच्या खर्चाने न्यावा असे स्वच्छ लिहावे. चूक त्यांची असताना पदरमोड करून तालुक्याला हेलपाटे घालण्याची गरज नाही. नाशवंत माल असेल, तर परतीऐवजी फरकाची रक्कम विचारावी.

पैशांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला, तर त्या नंबरवर काहीही पाठवू नये, कारण फसवणुकीची ही रुळलेली रीत आहे. आधी पासबुकात नोंद पाहावी, रक्कम खरोखर आली असेल तर ती खर्च न करता बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि परतफेड बँकेमार्फतच करावी. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवावे. फसवणूक झालीच, तर १९३० वर तत्काळ कळवावे.

माझ्या पहिल्या ईमेलला उत्तर आले नाही. आठवड्याने दुसरा पाठवला, त्यात पंप पडवीत कोरड्या जागी ठेवला आहे आणि पावसाळ्यापूर्वी न्यावा, असे लिहिले. अकराव्या दिवशी तोच मुलगा परतीचा कागद घेऊन आला. खोके उचलण्याआधी मी त्याच्याकडून पोचपावतीवर सही घेतली, आणि ती बिलासोबत अजून फाइलमध्ये आहे.