अफरवटच्या ताज्या बर्फात दोघांचा एक दिवस: सोलापुरातून करायची तयारी

फेब्रुवारीत मित्रासोबत गुलमर्गला जाऊन, तिथल्या अफरवट पर्वतावरच्या गस्त असलेल्या उताराची हद्द सोडून पलीकडच्या भुसभुशीत बर्फात एक दिवस स्कीइंग करायचे असेल, तर तयारी डिसेंबरातच सुरू करावी. ज्याने स्कीइंगचा रीतसर अभ्यासक्रम केलेला नाही आणि ज्याला आखलेल्या उतारावर हवे तिथे थांबता येत नाही, त्याने हा बेत पुढच्या हंगामावर टाकावा. दोघेच जाणार याचा अर्थ आधी नीट समजून घ्यावा. हिमस्खलनात एक जण गाडला गेला, तर त्या क्षणी दुसराच संपूर्ण बचावपथक असतो. म्हणून सॅक तपासताना आपल्याआधी मित्राची तपासावी. आपला जीव त्याच्याच फावड्यावर अवलंबून असतो.

प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे रेडिओयंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची काठी) आणि धातूच्या पात्याचे फावडे असलेच पाहिजे. यांतील एकही वस्तू दोघांत मिळून चालत नाही. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतो. तो सॅकमध्ये न ठेवता अंगावर, बाहेरच्या जाकिटाच्या आत बांधावा, आणि त्याच्या निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचेच नवे सेल घालावेत. मोबाईल त्याच्यापासून एरवी किमान २० आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर दूर असावा. ही साधने विकत किंवा भाड्याने मिळतात, सराव मात्र आपणच करावा लागतो, आणि त्यासाठी बर्फाची गरज नाही. गड्डा यात्रेचे पाळणे उभे राहण्यापूर्वी किंवा उठल्यानंतर होम मैदानावर कडब्याने भरलेली सात-आठ पोती पसरावीत, मित्राने त्यांतील एकात ट्रान्सीव्हर लपवावा आणि आपण घड्याळ लावून तो शोधावा. येणारे-जाणारे थांबून चौकशी करतात; त्यांना उत्तर देण्यात वेळ गेला तरी घड्याळ थांबवू नये. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि त्यातला बराचसा वेळ खणण्यातच जातो. त्यामुळे प्रोब लागल्यावर थेट वरून खड्डा न घेता उताराच्या खालच्या बाजूने आडवे खणत आत शिरण्याची पद्धत हाताला बसेपर्यंत मातीच्या ढिगाऱ्यावर गिरवावी.

कपड्यांच्या बाबतीत सोलापूरकराने थोडे मन घट्ट करावे. ज्या गावाची ओळखच चादर आणि टॉवेल, त्या गावातून निघताना अंगावर सुताचा एकही धागा ठेवायचा नाही, कारण घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेते. आतला थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, त्यावर फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे जाकीट असावे. हातमोज्यांचा जादा जोड सॅकमध्ये ठेवावा. टेरी टॉवेल जरूर न्यावा, पण तो खोलीवरच राहू द्यावा. संध्याकाळी ओल्या स्किन (चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या) आणि बूट पुसायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो. म्हणून गुलमर्गला किमान दोन रात्री काढल्याशिवाय वरचा टप्पा गाठू नये. डोके दुखून मळमळ सुरू झाली, तर त्या दिवसाचा बेत सोडून खाली यावे. आपल्या सपाट गावात मांड्यांना चढउताराची सवय नसते. तालमीतल्या बैठका आणि इमारतींचे जिने यांवर ती कसर भरून काढता येते.

रुंद स्की, बूट स्कीला जोडणारी पण टाच मोकळी होणारी बाइंडिंग आणि चढण्याच्या स्किन गुलमर्गला भाड्याने घेता येतील, पण बूट आदल्या दिवशी तासभर घालून पाहावेत. खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणीइतके भरवशाचे काही मला सापडलेले नाही; भाकरी थंडीने बिघडत नाही, आणि कडक तर ती मुळातच असते.

खरा निर्णय त्या सकाळी घ्यायचा असतो. चंदीगडच्या डीजीआरई संस्थेचा हिमस्खलन इशारा आणि स्थानिक गस्तीपथकाची सूचना दोघांनीही स्वतः वाचावी, आणि त्या परिसराचा जाणकार गाइड सोबत घ्यावा. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि पावडरची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाची, मजाही नेमकी त्याच उतारावर असते. त्यामुळे मोठ्या हिमवृष्टीनंतर किंवा जोराच्या वाऱ्यानंतर आकाश निरभ्र दिसले, तरी घाई करू नये. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीअर आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीअर हिमस्खलनात दगावला. उतारावर एका वेळी एकानेच जावे आणि दुसऱ्याने सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटले, तर कारण न विचारता परत फिरायचे, हे सोलापुरातच ठरवून ठेवावे.

बाहेरच्या राज्याचे प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून एकाकडे तरी पोस्टपेड जोडणी हवी. उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र परवान्याशिवाय बाळगणे आपल्याकडे बेकायदेशीर आहे. परदेशी याद्यांत ते दिसले तरी सामानात घालू नये. त्याऐवजी ठरलेली वाट, गाइडचा क्रमांक आणि परतण्याची वेळ हॉटेलात लिहून द्यावी व घरीही कळवावी. ट्रान्सीव्हर गोंडोलात बसण्याआधी सुरू करून एकमेकांचा तपासावा, आणि खोलीत पोहोचेपर्यंत तो बंद करू नये.