वेबचं वाचून शिकताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे वेबसाइट बनवायचं काम शिकायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सर, कुठले ब्लॉग फॉलो करू?" यादी दिली की बुकमार्क होते, चार मित्रांना पाठवली जाते आणि तिथंच संपते. जे खरोखर वाचतात त्यांच्या चुकाही ठरलेल्या. सोलापुरात चादर-टॉवेलवाले, शाळा, दवाखाने, मसालेवाले यांच्या साइट करताना त्याच त्या चुका इतक्यांदा निस्तरल्यात की आता लिहूनच टाकतो. निदान घसा तरी वाचेल.

यादी लागतेच म्हणून आधी ती उरकतो. रोजच्या कामाला एमडीएन. तो ब्लॉग नाही, वेबच्या भाषांचा संदर्भकोश आहे, पण अडलं की पहिल्यांदा तिथंच जायचं. सीएसएससाठी (पानाचं रूप ठरवणारी भाषा) सीएसएस-ट्रिक्स, सविस्तर लेखांसाठी स्मॅशिंग मॅगझिन, वेग आणि ब्राउझरमधल्या नव्या गोष्टींसाठी गूगलचं वेब डॉट डेव्ह. लोक साइट कशी वापरतात हे समजून घ्यायला निल्सन नॉर्मन ग्रुप. सीएसएस आतून कसं चालतं हे जॉश कोमो आणि अहमद शदीद फार छान उलगडून दाखवतात. एवढं पुष्कळ झालं. "टॉप पन्नास ब्लॉग" असल्या याद्या बनवणाऱ्यानं तरी ते पन्नास वाचलेत का, हा प्रश्न स्वतःला विचारा.

तारीख न बघता कोड उचलणे

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची साइट एका पोरानं करून दिली होती. कॅटलॉग, खाली चौकशीचा फॉर्म, साधंच काम. बरीच वर्षं नीट चालली. एका सकाळी मालकांचा मला फोन : "काय ओ, साइट गेली की आमची! दुबईची पार्टी लाइनवर आहे, कॅटलॉग दिसेना म्हणतेय."

उघडून बघतो तर पांढरंफेक पान. ना एरर, ना अक्षर. तोवर त्या पोरानं कॅश साफ केली होती, ब्राउझर बदलला होता, ऑफिसातला राउटर बंद-चालू करायला लावला होता आणि होस्टिंगवाल्याला "तुमचा सर्व्हर डाऊन आहे" म्हणून सुनावलंही होतं. एरर लॉग, म्हणजे सर्व्हरवरची चुकांची नोंद, मात्र उघडला नव्हता. लॉगमध्ये एकच ओळ परत परत : मायएसक्यूएल_कनेक्ट नावाचं, डेटाबेसला जोडून देणारं फंक्शनच सापडत नाही.

झालं होतं असं की होस्टिंगवाल्यानं पीएचपीची (सर्व्हरवर साइट चालवणारी भाषा) जुनी आवृत्ती बंद करून नवी चढवली होती. आधी मेलही केला होता, पण तो गेला त्या पोराच्या कॉलेजच्या वेळच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता आता कोण उघडतंय! हे फंक्शन पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ सालीच, "वापरू नका" यादीत गेलं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून ते काढूनच टाकलं. पोरानं कोड उचलला होता २०१० च्या एका लेखातून. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये त्या फंक्शनच्या पानावर सगळ्यात वर इशारा लिहिलाय, पण मॅन्युअल वाचायचं म्हणजे यांना कमीपणा. वर आणखी एक भानगड : फॉर्ममध्ये भरलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकुमात, चिकटवला होता. कुणी खोडसाळपणा केला असता तर साइट गेली असतीच, चौकशांचा सगळा डेटाही गेला असता.

असं झालं तर काय करायचं? पान पांढरं दिसलं की आधी लॉग, बाकी सगळं नंतर. चालू साइटवर एरर दाखवायची सेटिंग उघडून ठेवू नका, आतले फाइलचे पत्ते जगाला दिसतात. सीपॅनलमध्ये (होस्टिंगचं नियंत्रण पान) पीएचपीची आवृत्ती निवडायची सोय असेल आणि जुनी अजून मिळत असेल, तर तेवढ्यापुरती मागे घ्या, म्हणजे पार्टीला कॅटलॉग दिसेल. मग कोड पीडीओवर (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची आजची पद्धत) आणा, प्रत्येक क्वेरी प्रिपेअर्ड स्टेटमेंटनं, म्हणजे हुकूम वेगळा आणि भरलेला मजकूर वेगळा ठेवून, करा आणि आवृत्ती परत पुढे न्या. हा शेवटचा भाग लोक विसरतात. साइट दिसायला लागली की काम संपलं, असं त्यांना वाटतं.

लेख उघडला की मी आधी तारीख शोधतो. तारीख नसेल तर खाणाखुणा बघतो : मांडणीसाठी फ्लोट आणि क्लिअरफिक्स या जुन्या युक्त्या, प्रत्येक ओळीला वेबकिटचा प्रीफिक्स (ठरावीक ब्राउझरांसाठीचा उपसर्ग), इंटरनेट एक्सप्लोररसाठी वेगळी सीएसएस. मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला एक्सप्लोररचा पाठिंबा काढून घेतला, त्यामुळे त्याची काळजी करणारा लेख कधीचा ते कळतंच. मग तीच गोष्ट एमडीएनवर ताडून बघायची. आणि कोड कॉपी-पेस्ट नाही, हातानं टाइप करायचा. पोरं कंटाळतात. कंटाळू देत. टाइप करताना न कळलेल्या ओळीवर बोट थांबतं. पेस्ट करताना काहीच थांबत नाही.

जुनं म्हणजे टाकाऊ असंही नाही. ईथन मार्कॉटचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनवरचा (स्क्रीनप्रमाणे बदलणारी मांडणी) लेख मे २०१० मध्ये अ लिस्ट अपार्ट या साइटवर आला. त्यातली विचारपद्धत आजही पहिल्या आठवड्यात वाचायला देतो. कोडचे तुकडे मात्र उचलू नका म्हणतो. सीएसएसमधली ग्रिड ही मांडणीची पद्धत २०१७ मध्ये ब्राउझरांत आली, त्यामुळे तेव्हाची मांडणीची कसरत आता लागतच नाही.

इंग्रजी लेखातली टायपोग्राफी मराठीवर लादणे

वरच्या यादीतलं जवळपास सगळं लेखन रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेलं असतं. ते लिहिणाऱ्यांचा दोष नाही. दोष आपला, की आपण ते डोळे झाकून लावतो.

शेंगा चटणी विकणाऱ्या एका बाईंच्या साइटचं उदाहरण घ्या. आमच्याकडच्या पोरीनं कुठंतरी वाचलं होतं की मोठ्या शीर्षकात अक्षरांत थोडं अंतर दिलं की ते "प्रीमियम" दिसतं, आणि ओळींमधलं अंतर १.१ ठेवावं. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं. मराठीत "सोलापुरी शेंगा चटणी" या शब्दांची शिरोरेघ जागोजागी तुटली आणि दोन ओळींच्या शीर्षकात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर जाऊन बसला. चटणीवाल्या मावशींनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "अक्षरं फुटल्यावानी का दिसतात गं?" यापेक्षा नेमकी तक्रार कुठल्या टेस्टरनं दिली नसती.

उपाय सोपा. पानाच्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी जाहीर करा आणि मराठी मजकुराला अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. ओळींचं अंतर मी शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ धरतो. ही माझी सवय, नियम नव्हे. भाषा जाहीर केल्याचा आणखी एक फायदा : ज्या फॉन्टात सोय असते त्यात ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. फॉन्ट म्हणून एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट. आणि डिझाइन करताना लोरेम इप्सम हा निरर्थक भरीचा मजकूर भरू नका, "वैशिष्ट्ये", "ट्रॅक्टर", "कीर्ती", "सुऱ्या" असले शब्द भरा. कुठं काय कापलं जातंय ते तिथंच दिसेल.

पत्रक छापणाऱ्याकडून आलेला मजकूर साइटवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतो का? तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेला असतो. कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर माणसाकडून तपासून घ्या, कारण जोडाक्षरं हमखास बिघडतात.

काल आलेलं आज वापरणे

पहिल्या चुकीच्या बरोब्बर उलट. सीएसएस नेस्टिंगवरचा (नियमाच्या आत नियम लिहायची सोय) लेख वाचला, लगेच अख्खी साइट त्यात लिहिली. ग्राहकाच्या ऑफिसात विंडोज ७ चा कॉम्प्युटर, आणि त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. नेस्टिंग आलं क्रोम ११२ मध्ये. मग मालक म्हणतो साइट मोडली, पोरगा म्हणतो माझ्याकडे तर चालतीय, आणि दोघेही खरं बोलत असतात. एमडीएनच्या पानावर वर "बेसलाइन"ची पट्टी असते, ती बघा. सगळ्या मुख्य ब्राउझरांत आल्याला तीस महिने झाले की ती गोष्ट "सर्वत्र उपलब्ध" धरली जाते. आणि ग्राहकाला पहिल्याच भेटीत विचारा, ऑफिसात कुठला कॉम्प्युटर आहे.

बाकीच्या, पटापट

साइट कोणाच्या हातात आहे ते न बघणे. ख्रिस कॉयरनं २००७ मध्ये सुरू केलेलं सीएसएस-ट्रिक्स २०२२ मध्ये डिजिटलओशननं घेतलं, मधे ते थंड पडलं, आता पुन्हा सुरू आहे. जे काल उत्तम होतं ते आज तसंच असेल असं गृहीत धरू नका.

इन्स्टाग्रामवरच्या तीस सेकंदांच्या रीलला "वाचन" म्हणणे. यावर मी बोलत नाही.

न्यूजलेटर घेऊन इनबॉक्स तुंबवणे. त्यापेक्षा फीडलीसारख्या फीड रीडरमध्ये (निवडलेल्या साइटचे नवे लेख एका जागी दाखवणारी सोय) मोजक्या साइट टाका. गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं म्हणून नवे लेख कळवणारी आरएसएसची पद्धत मेलेली नाही.

एआयला विचारून आलेला कोड तसाच टाकणे. तोही जुन्या लेखांवरच पोसलेला असतो. त्याला तारीख विचारता येत नाही, म्हणून एमडीएनवर तपासणं दुप्पट गरजेचं.

वेगावरचा लेख अर्धाच वाचणे. "इमेज लेझी लोड करा" (म्हणजे फोटो दिसायच्या वेळीच उतरवा) एवढं वाचून पानावरच्या सगळ्याच फोटोंना लेझी लावतात, सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोलासुद्धा. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा, आणि बहुतेक वेळा तो भाग म्हणजे हाच फोटो. वरच्या फोटोचं लेझी काढा, त्याला प्राधान्य द्या, रुंदी-उंची लिहा म्हणजे पान उडी मारणार नाही. आणि कॅमेऱ्यातून आलेला आठ एमबीचा चादरीचा फोटो तसाच चढवू नका, आधी लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये घ्या.