अन्नवाटपाला निघालात? आधी या चुका टाळा

जुलै लागला, कॉलेजं भरली की आमच्या गटाचा फोन वाजायला लागतो. 'आम्ही वीस जण आहोत, रविवारी अन्नवाटप करायचंय, कुठे येऊ?' पोरांचा आवाज खरा असतो, उत्साह खरा असतो, आणि मला दरवेळी तेच विचारावं लागतं: 'गुरुवारी याल का?'

पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाबाहेर आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांना संध्याकाळचं जेवण देतो. दाखल झालेल्या रुग्णाला आतून जेवण मिळतं. त्याच्यासोबत गावाकडून आलेली आई, बायको, भाऊ यांची सोय कुणी करत नाही. मी स्वतः एनएसएसमधून, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेतून, या कामात आलो. आता नव्या मुलांना तयार करणं हाच माझा निम्मा उद्योग. खाली लिहितोय त्यातल्या बऱ्याच चुका मी केलेल्या आहेत.

सगळे रविवारीच येतात

रविवार, सणवार, कुणाचा वाढदिवस, कुणाचं पुण्यस्मरण. या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाशी तीन-तीन गाड्या लागतात. पुलाव, जिलेबी, वडापाव, पुन्हा पुलाव. सात वाजेपर्यंत कठड्यावर अर्धवट खाल्लेले द्रोण पडलेले असतात. त्याच फाटकाशी मंगळवारी किंवा गुरुवारी एक गाडी नसते. भूक काही आठवड्याची सुट्टी बघून लागत नाही.

म्हणून पहिलं काम स्वयंपाकाचं नाही, चौकशीचं. जिथे वाटायचंय तिथे आठवडाभर रिकाम्या हाताने जाऊन बसा. चहावाला, रखवालदार, वॉर्डातल्या मावशी यांना विचारा, कोण कधी काय देतं. जवळ शिवभोजन केंद्र चालू आहे का, त्याची वेळ काय, थाळ्या किती वाजता संपतात, तेही बघा. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली तेव्हा दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भाताची मूद मिळायची; पण ती दुपारची सोय. रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच. एका कागदावर सात दिवस आणि सकाळ-दुपार-रात्र असे रकाने पाडा. जी घरं कोरी राहतील, ती तुमची.

आपल्याला जे सोपं, ते शिजवणं

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून उपचारांसाठी आलेली कुटुंबं राहतात, हे मुंबईकरांना नवीन नाही. तिथे आमच्या एका मुलीने तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला पोळी-भाजीचं पाकीट दिलं. त्याने नमस्कार केला, पाकीट घेतलं आणि शेजारच्याला देऊन टाकलं. तिला वाटलं, त्याला भूक नसेल. मग लक्षात आलं की त्याचं तोंड दोन बोटं मावतील इतकंही उघडत नव्हतं. त्याला हवी होती पातळ खिचडी, पेज, कुस्करलेलं केळं.

आता केळं म्हटलं की ते सगळ्यांना चालतं असं वाटतं. पण डायलिसिसवर असलेल्यांना पोटॅशियम सांभाळावं लागतं. केळी आणि शहाळ्याचं पाणी त्यांच्यासाठी धोक्याचं ठरू शकतं. मधुमेह असलेल्या आजोबांच्या हातात शिरा ठेवणंही तसंच. रुग्णाला स्वतःहून काही देऊ नका. नातेवाइकाला द्या आणि 'पेशंटला काय चालतं, डॉक्टरांनी काय सांगितलंय?' हे विचारा. मांसाहार, उपवास, रोजा, कांदा-लसूण हे प्रश्नही तिथेच सुटतात. विचारल्याने माणसाला बरंही वाटतं. दिवसभर त्याला फक्त 'तिकडे रांगेत उभे राहा' एवढंच ऐकायला मिळालेलं असतं.

कार्यालयातलं उरलेलं अन्न: इथे जास्त थांबतो

मे महिना. एका मंगल कार्यालयातून साडेतीनला फोन आला: 'शंभर माणसांचा वरण-भात उरलाय, घेऊन जा.' आम्ही आनंदाने गेलो, दोन मोठे टोप झाकण लावून टेम्पोत चढवले आणि सातच्या वाटपासाठी कॉलेजच्या खोलीत ठेवले. सातला झाकण उघडलं तर वरणावर बुडबुडे, भाताला आंबूस वास, आणि चमच्याने उचललं तर वरणाला तार सुटलेली. सगळं विटलं होतं. बाहेर साठेक माणसं रांगेत उभी. ते अन्न टाकून आम्ही पाव आणि बिस्किटं आणून वाटली. रांगेतल्या एका आजींनी पाव घेतला आणि म्हणाल्या, 'आधी सांगितलं असतंस बाळा, तर दुपारच्या दोन पोळ्या ठेवून दिल्या असत्या मी.'

रागावल्या नव्हत्या त्या. पण आमच्या भरवशावर त्यांनी आपली सोय केली नव्हती. तेव्हापासून मी मुलांना सांगतो, अन्न हातात येऊन तपासून झाल्याशिवाय रांगेला शब्द द्यायचा नाही.

चूक कुठे झाली? शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. बाराला शिजलेला भात झाकलेल्या टोपात तासन् तास कोमट राहतो, म्हणजे नेमका त्याच टप्प्यात. भाताचं आणखी एक दुखणं आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात त्यांनी तयार केलेलं एक विष नंतर कढ आणला तरी जात नाही. त्यामुळे 'पुन्हा गरम करू, होईल ठीक' ही समजूत भाताच्या बाबतीत फसते. नाकाने हुंगून ठरवणंही पुरेसं नाही. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि वास नसतानाही बाधा होऊ शकते.

आमचा आताचा नेम असा: अन्न कधी शिजलं हे आचाऱ्यालाच विचारायचं, यजमानाला नाही, यजमान पंगतीची वेळ सांगतात. शिजल्यापासून चार तासांच्या आत ते खाणाऱ्याच्या पोटात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ताटात वाढलेलं, परत आलेलं अन्न घ्यायचं नाही. मठ्ठा, बासुंदी, खोबऱ्याची चटणी, अंड्याचा केक हे घ्यायचंच नाही. मोठा टोप असेल तर उथळ भांड्यांत काढून न्यायचं. रात्री अकराला फोन आला आणि वाटायला माणसं नसतील तर नम्रपणे नाही म्हणायचं. नाही म्हणायला जीव धजत नाही, मला माहीत आहे. पण ज्याच्याकडे आधीच औषधाला पैसे नाहीत, त्याला जुलाब लागले तर तो कुठे जाईल?

एक वही ठेवा. कोणाकडून, काय, कधी शिजलेलं, कधी उचललं, कुठे वाटलं. उरलेलं अन्न दान करण्याबाबत एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१९ मध्ये नियम केले आहेत आणि अशा नोंदी ठेवणं त्यात येतं. तुम्ही ज्या संस्थेबरोबर काम करता तिच्याकडे ही वही नसेल, तर ती तुम्हीच सुरू करा. कॉलेजच्या पोरांनी करण्यासारखं याहून चांगलं काम नाही.

रांग बिघडते तेव्हा

अन्न कमी पडेल असं दिसलं की मुलं घाबरून शेवटच्यांना अर्धं-अर्धं वाढायला लागतात आणि गडबड होते. आधी रांग मोजा. माणसं ऐंशी आणि जेवणं सत्तर असतील तर सुरुवातीपासूनच सगळ्यांना थोडं कमी वाढा, पण कुणाला रिकाम्या हाताने पाठवू नका. कुणी पाच पाकिटं मागितली तर चोर समजू नका. वर वॉर्डात चार जण बसलेले असतात, सगळ्यांना खाली येता येत नाही. आम्ही दुपारीच फिरून कागदी चिठ्ठ्या देतो, चिठ्ठीवर माणसांची संख्या लिहिलेली. यामुळे भांडणं जवळजवळ थांबली. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया यांना रांगेत उभं न करता बसल्या जागी द्या. आणि हो, पाणी! जेवण देऊन पाणी विसरणारे गट मी दर महिन्याला बघतो.

फोटो

एकदा एका मुलाने फोन वर केला आणि समोरच्या माणसाने हातातलं ताट खाली ठेवून गमछा तोंडावर ओढून घेतला. शेतकरी माणूस होता तो. बायकोच्या ऑपरेशनसाठी आला होता. गावात त्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नसेल. त्याचा घास घेतानाचा फोटो आपल्या स्टेटसवर कशाला? कॉलेजला अहवालासाठी फोटो लागतो, हे खरं. मग भाजी चिरतानाचा काढा, टोप उचलतानाचा, वहीच्या पानाचा. खाणाऱ्याचा चेहरा नको.

पैसे स्वतःच्या खात्यात घेणं

उत्साहाच्या भरात एखादा आपला यूपीआय नंबर ग्रुपवर टाकतो. आठवड्यात बारा-पंधरा हजार जमतात, त्यात त्याची मेसची फी मिसळते, आणि हिशेब विचारला की मैत्री तुटते. यात कुणाचीच नियत वाईट नसते. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करताना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते; गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी ती घेतात. तेव्हा पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच जाऊ देत, पावती तिची. नाहीतर पैसे घेऊच नका. दिल्लीत २०१४ मध्ये सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी ही उरलेलं अन्न वाटणाऱ्या स्वयंसेवकांची संघटना पैसे न घेताच चालते. तांदूळ, डाळ, तेल, गॅस सिलिंडर, टेम्पोची एक फेरी असं मागा. लोक देतात.

शेजारचा बाक

आपण भुकेला माणूस फुटपाथवर शोधतो. पण पुण्यात स्पर्धा परीक्षेला आलेली, वसतिगृह न मिळालेली कितीतरी मुलं एकवेळची मेस लावतात आणि रात्री पाव-चहावर भागवतात. दुष्काळी भागातून घरचे पैसे आले नाहीत की आधी डबा बंद होतो, खोलीभाडं नाही. याच शहरात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या जेवणावर कित्येक जण शिकले, आणि कित्येकांच्या मनात त्या ओशाळेपणाचा सल आयुष्यभर राहिला.

म्हणून वर्गमित्राला मदत करताना गाजावाजा नको. 'गरजू विद्यार्थ्यांनी हात वर करा' असं वर्गात विचारलेलं मी ऐकलंय. एकही हात वर आला नाही. मेसवाल्या काकूंशी बोला. कुणाचा डबा बंद झाला हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. दोन महिन्यांचे पैसे त्यांच्याकडे भरा आणि नाव कुणालाच कळू देऊ नका, देणाऱ्याचंही नाही. तसंच, घर इथे आणि रेशनकार्ड गावाकडे असलेल्या मजूर कुटुंबांना सांगा की त्यांचं धान्य आता इथल्या रेशन दुकानातही मिळू शकतं. अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. अंगठा जुळत नाही, आधार जोडलेलं नाही अशा अडचणींत त्यांच्यासोबत दुकानापर्यंत गेलात, तर एका दुपारीत महिन्याचं जेवण उभं राहतं.

परीक्षा आली की गट गायब

हे सगळ्यात मोठं दुखणं. ऑगस्टमध्ये चाळीस जण, ऑक्टोबरमध्ये सहा, दिवाळीत कुणीच नाही. एनएसएसला वर्षाचे १२० तास लागतात म्हणून काही जण तीन मोठे कार्यक्रम करून ते उरकतात. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली, ती काही तास भरून घ्यायला नाही. आठवड्याला अडीच तास दिले तर वर्षात ते आपोआप भरतात.

आम्ही वेगवेगळ्या शाखांची मुलं एका वारावर ठेवतो, म्हणजे इंजिनिअरिंगचे पेपर चालू असताना कॉमर्सवाले येतात. प्रत्येक वाराला दोन जबाबदार, एक दुसऱ्या वर्षाचा आणि एक पहिल्या वर्षाचा. सुट्टीत गावी जाणाऱ्याने आपल्या जागी कोण येणार त्याचं नाव वहीत लिहूनच जायचं. आणि तेही जमलं नाही, तर वाटप बंद असल्याची पाटी आठवडाभर आधी फाटकावर लावायची. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना चिठ्ठ्या देताना तोंडी सांगायचं.

या महिन्यात आमचा गुरुवार अजून रिकामा आहे. साडेपाचला भाजी चिरायला घेतो. येताना आपली सुरी आणि रुमाल आणा.