दात मुळासकट निघाला तर मुळाला हात लावू नका

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली की खान्देशात निंबाला झोके बांधतात, आणि माझ्या रावेरच्या दवाखान्यात समोरचा दात पडलेली पोरं येतात. दात रुमालात गुंडाळलेला, नळाखाली घासून पांढरा केलेला. आईने मायेनेच घासलेला असतो, पण दात ज्याच्या जोरावर परत रुजला असता, नेमकं तेच त्यात निघून जातं.

ताज्या पडलेल्या दाताच्या मुळावर ओलसर, लालसर पापुद्रा दिसतो. हिरडीखाली दात घडत असतो तेव्हा त्याच्याभोवती पेशींची पिशवी असते. आधी माथा, म्हणजे तोंडात दिसणारा भाग तयार होतो, मग हर्टविगचं आवरण, म्हणजे पेशींचा एक पातळ पदर, मुळाला आकार देत खाली वाढतं. ते जागोजागी विरलं की पिशवीतल्या पेशी थेट मुळाला भिडतात. काही मुळावर सिमेंटमचा, म्हणजे हाडासारखा कठीण थर चढवतात, काही समोर जबड्याचं हाड रचतात, आणि उरलेल्या मधे तंतू विणतात. तंतूंचं एक टोक सिमेंटममध्ये रुततं, दुसरं हाडात. हे सगळं जेमतेम ०.२ मिलिमीटर जागेत! दात निखळतो तेव्हा तंतू तुटतात, पण बऱ्याच जिवंत पेशी मुळावरच राहतात. त्या वाळू द्यायच्या नाहीत.

दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. कायमचा असेल तर माथ्याकडून धरा. माती लागली असेल तर दुधाने किंवा गार पाण्याने क्षणभर खळबळा, घासू नका. लगेच खोबणीत बसवा, स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा आणि निघा.

बसवणं जमलं नाही तर दात दुधात बुडवून आणा. तापवून गार केलेलं चालेल. ताक, दही नको. साध्या पाण्यात ठेवलात तर पेशी फुगून फुटतात. सातपुड्यातल्या पालहून घाट उतरून येणाऱ्यांनी तर दुधाशिवाय निघूच नये, कारण तासभर कोरड्या राहिलेल्या मुळावरच्या पेशी सहसा वाचत नाहीत. मग हाड थेट मुळाला चिकटतं आणि हळूहळू मूळच खाऊन टाकतं.

आम्ही दात शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारतो. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मुळाचं टोक अजून उघडं असतं. तिथून आत रक्तपुरवठा परत सुरू होण्याची आशा असते, म्हणून त्याचं रूट कॅनल आम्ही लगेच करत नाही. अशा मुलाला तपासणीला आणणं चुकवू नका.