प्रेअरीवरच्या शेतकरी कुटुंबाचे जुने फोटो हाती आलेत? मग या चुका टाळा

मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात राहते आणि गेली काही वर्षं शनिवारी आमच्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, छोट्याशा म्युझियममध्ये मदतीला जाते. शाळेत भूगोलात 'प्रेअरी म्हणजे गवताळ प्रदेश' एवढं पाठ केलं होतं, तोच प्रदेश आता रोज खिडकीतून दिसतो. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका आजींनी बुटांचे तीन खोके आणून दिले, त्यात त्यांच्या सासरच्या शेतकरी घराण्याचे तीन पिढ्यांचे फोटो होते. आणि मी पहिल्याच दुपारी मोठी चूक केली. सगळे फोटो साइजप्रमाणे लावले, जाड पुठ्ठ्यावरचे एकीकडे, पोस्टकार्डं एकीकडे, निगेटिव्ह तिसरीकडे, म्हणजे पाकिटांत नीट बसतील. पंधरा दिवसांनी एका पोस्टकार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, "तेच, पुढचा उन्हाळा". कशाचं तेच? खोक्यात त्याच्या आधी जो फोटो होता त्याचं. आणि तो कुठला होता हे आता कुणालाच सांगता येईना, आजींनाही नाही.

तेव्हापासून जो कोणी असा खोका घेऊन येतो त्याला मी आधी हेच सांगते, आणि आता इथेही सांगतेय.

क्रम मोडू नका

खोका उघडला की काहीही उचलायच्या आधी वरून मोबाइलने फोटो काढा. एक थर काढला की परत एक फोटो. मग जसे निघतील तसे नंबर द्या, खोका १ मधला पहिला, दुसरा, तिसरा, मागच्या बाजूला कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. रबर बँड आणि टाचण्या काढायच्याच, रबर वितळून चिकटतं आणि टाचण्या गंजतात, पण त्या रबर बँडमध्ये कोणते चौदा फोटो एकत्र होते ते आधी लिहून ठेवा. ते चौदा कुणीतरी विचार करून एकत्र बांधलेले असतात. साइजप्रमाणे लावायचंच असेल तर खुशाल लावा, पण नंबर पडल्यावर.

आणि मागची बाजू स्कॅन करा. प्रत्येक फोटोची, कोरी दिसली तरी.

फोटो अल्बमला चिकटलाय, ओढू का?

ओढू नका. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेला फोटो ओढला की फाटतो, नाहीतर मागचं लिहिलेलं कागदाबरोबर निघून जातं. अख्खं पान तसंच स्कॅन करा, त्या पानाची रचनाही कुणीतरी केलेली असते. १९७०च्या सुमाराचे ते चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम मात्र खरंच घातक, त्यातला गोंद पिवळा पडून फोटोत उतरतो, त्यामुळे तिथून काढायला हवेत. आधी पान स्कॅन करा, मग मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवा, अडला की थांबा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो घरी सोडवायला जाऊच नका. चित्र ज्यात असतं तो जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, ओढलात की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करायचा आणि तसाच ठेवायचा. सेलोटेप आणि लॅमिनेशन, या दोन गोष्टींचं तर नावही काढू नका, इतके चांगले फोटो यांच्यापायी गेलेले मी पाहिलेत.

निगेटिव्हला वास येतोय

आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती असिटेट फिल्म आहे आणि ती खराब व्हायला लागलीय. बाकीच्यांपासून वेगळी करा, थंड जागी ठेवा आणि स्कॅनिंगमध्ये तिचा नंबर पहिला लावा. फिल्म पिवळसर तपकिरी, चिकट झाली असेल आणि कडेला 'सेफ्टी' असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेट असू शकते, ही फिल्म साधारण १९५०पर्यंत बनत होती आणि ती भयंकर पेट घेते. ती माळ्यावर, हीटरजवळ ठेवू नका, स्वतःच्या मनाने कचऱ्यातही टाकू नका, राज्याच्या अर्काइव्हला, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या सरकारी दफ्तराला, फोन करून विचारा.

काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नका, खालच्या तडकतात. प्रत्येक काच वेगळ्या कागदी पाकिटात, लांब कडेवर उभी. फुटलेली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तुकडे दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवे ठेवा. चकचकीत बाजू पुसता येते, मंद दिसणारी बाजू म्हणजे चित्राचा थर, तिला हात लावायचा नाही. निळे फोटो असतील, म्हणजे सायनोटाइप, तर दुकानात 'अ‍ॅसिड फ्री, बफर्ड' म्हणून मिळणारा कागद त्यांना चालत नाही, त्यातल्या अल्कलीने निळा रंग उडतो, बफर नसलेला अ‍ॅसिड फ्री कागद घ्या.

स्कॅन केला, पण काहीच दिसत नाही

बहुतेक वेळा सेटिंगची चूक असते. काळापांढरा फोटो म्हणून ग्रेस्केलमध्ये, फाइल लहान हवी म्हणून जेपेगमध्ये, आणि मग 'ऑटो करेक्ट' दाबून काळं अजून काळं. असं करू नका. रंगीत मोडमध्ये, निदान ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), लहान फोटो असेल तर १२००ला, स्कॅन करा, बारकावे न गाळणाऱ्या टिफ फाइलमध्ये सेव्ह करा आणि मूळ फाइलला हात लावू नका, सगळे प्रयोग कॉपीवर.

हे मी का सांगतेय, तर सॉलोमन बुचर म्हणून एक फोटोग्राफर होता. १८८६पासून त्याने नेब्रास्कातल्या कस्टर कौंटीत घोडागाडीतून फिरून शेतकरी कुटुंबांचे फोटो काढले. १८९९मध्ये त्याचं घर जळलं, छापलेले फोटो गेले, पण काचेच्या प्लेट वाचल्या आणि पुढे राज्याच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे आल्या, तीन हजारांच्या वर. त्याच्या फोटोंत घराचं दार म्हणजे नुसता काळा चौकोन असायचा. शंभर वर्षांनी त्या प्लेट मोठ्या रेझोल्यूशनला स्कॅन केल्या आणि तो काळा भाग संगणकावर उजळला, तर आतल्या वस्तू दिसायला लागल्या. प्लेटवर ते पहिल्यापासून होतं, फक्त कागदावर छापताना त्या काळोखात काही उतरत नव्हतं. म्हणून तुमच्याकडे मूळ निगेटिव्ह असेल तर छापलेल्या फोटोवर समाधान मानू नका, आणि काळा भाग निरुपयोगी म्हणून कापून टाकू नका, मला तर त्या दारापाशीच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दिसतंय तसंच ते राहत होते, असं समजू नका

ही चूक सगळेच करतात, मीही केली. प्रेअरीवर झाडं कमी, लाकूड महाग, म्हणून लोक जमिनीचा वरचा थर गवताच्या मुळ्यांसकट नांगराने कापायचे आणि त्या लाद्या विटांसारख्या रचून घर बांधायचे, त्याला सॉड हाउस म्हणतात. आता बुचरच्या फोटोंत या घरांसमोर अंगणात टेबल, टेबलावर कलिंगड, बाजूला घोडे, पिंजऱ्यातला पक्षी, आणि बघणारा म्हणतो किती छान, बाहेर बसून जेवायचे! तसं नाही. फोटो गावाकडच्या नातेवाइकांना पाठवायचा असायचा, म्हणून आपल्याकडे जे चांगलं आहे ते सगळं बाहेर आणून मांडायचं. १८८६च्या रॉडिंग कुटुंबाच्या फोटोत तर गाय घराच्या छपरावर उभी आहे असं वाटतं, पण घरच टेकडीच्या उतारात खणून काढलेलं आहे, त्यामुळे गाय मागच्या चढावर उभी असली तरी तशी दिसते. आणि हिल्टन म्हणून एक कुटुंब होतं, त्या घरच्या बाईंना आपण मातीच्या घरात राहतो हे माहेरच्यांना कळू द्यायचं नव्हतं. म्हणून घरातला पायपेटीसारखा मोठा ऑर्गन ओढत बाहेर अंगणात आणला आणि घर फ्रेममध्ये येणार नाही अशा बेताने त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. हा फोटो बघितला की मला दर वेळी गलबलून येतं. आपणही परदेशातून घरी फोटो पाठवताना मागचा पसारा सरकवतोच की.

म्हणून कॅप्शन लिहिताना "कुटुंब बाहेर बसले आहे" असं लिहू नका. "फोटोसाठी ऑर्गन बाहेर आणला आहे" असं लिहा, आणि काय दिसत नाहीये तेही बघा.

सॉड हाउस दिसलं की १८८० लिहून मोकळं होणं

पश्चिम नेब्रास्कात १९०४च्या किंकेड कायद्याने ६४० एकरांपर्यंत जमीन मिळायला लागली आणि तिथे नवी मातीची घरं बांधली गेली, म्हणजे सॉड हाउस १९१०चंही असू शकतं. तारखेसाठी घर नको, बारक्या वस्तू बघा. फोर्डची मॉडेल टी मोटार दिसली तर फोटो १९०८च्या आधीचा नाही, फोर्डसन ट्रॅक्टर असेल तर १९१७च्या आधीचा नाही. फोटो पोस्टकार्डावर छापलेला असेल तर पाठ बघा. मध्ये रेघ मारून पत्ता आणि मजकूर असे दोन भाग केलेत? मग मार्च १९०७ किंवा नंतरचा, कारण अमेरिकेत तेव्हापासून मागे मजकूर लिहायला परवानगी मिळाली. पण यातून फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच कळतं. शेतकऱ्याच्या घरी कोट वीस वर्षं चालतो आणि नांगर त्याहून जास्त, त्यामुळे कपड्यांवरून वर्ष ठरवायला गेलात तर फसाल.

पातळ पत्र्यावरचा फोटो असेल, लोहचुंबक जवळ नेलं की किंचित ओढ जाणवते, तर तो टिनटाइप. त्यात सगळं आरशासारखं उलटं असतं, तेव्हा माणूस डावखुरा होता असं लिहायच्या आधी कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा.

फोटोतले सगळे घरचेच, असं धरून चालणं

वाफेच्या इंजिनासमोर वीस-पंचवीस पुरुष उभे आहेत, म्हणून नावांच्या यादीत वीस काका शोधत बसू नका. मळणीचं यंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचं आणि शेजारीपाजारी एकमेकांच्या मळणीला यायचे, आपल्याकडे सावड करतात ना, अगदी तसं. शिवाय हंगामापुरते मजूर. घरचे ओळखायचे तर जेवण घेऊन आलेल्या बायका आणि इंजिनावर चढवून बसवलेली पोरं बघा.

नावं जुळवताना १८९०ची जनगणना मिळत नाही म्हणून लोक हताश होतात. १९२१मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, त्यात तिचा बहुतेक भाग खराब झाला आणि उरलेलं पुढे नष्ट केलं गेलं. पण नेब्रास्का आणि (तेव्हा राज्य न झालेल्या) डकोटा टेरिटरीत १८८५ला वेगळी जनगणना झाली होती ती बघा, आणि १९००च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही आहेत. सगळ्यात उपयोगी म्हणजे होमस्टेडची, म्हणजे सरकारकडून कसायला मिळालेल्या जमिनीची, फाइल. १८६२च्या कायद्याने १६० एकर जमीन पाच वर्षं कसून नावावर करून घेताना साक्षीदारांसह जबानी द्यावी लागायची, त्यात घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगरली हे सगळं लिहिलेलं असतं. ते समोर ठेवून फोटो बघितला की कोपऱ्यातलं खोपटं काय आहे ते कळतं. अविवाहित आणि विधवा बायकांनाही जमीन घेता यायची, त्यामुळे फाइल फक्त पुरुषांच्या नावाने शोधू नका, कस्टर कौंटीतल्या ख्रिसमन बहिणींचा १८८६चा फोटो याच कारणाने प्रसिद्ध आहे.

एक कॅप्शन मात्र मी कुणाच्याही संग्रहात राहू देत नाही, "ओसाड, रिकाम्या जमिनीवर पहिलं पाऊल". ती जमीन रिकामी नव्हती. मध्य नेब्रास्का पॉनी या मूळ रहिवासी जमातीचा मुलूख होता, १८७०च्या दशकात त्यांना तिथून आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे फोटो निघायला लागले. कुटुंबाच्या कष्टाबद्दल मनापासून लिहा, ते खरेच आहेत, पण हेही त्याच कागदावर लिहा.

आता आमच्या त्या पोस्टकार्डाचं. त्या फोटोत एक पवनचक्की आहे आणि तिचं एक पातं वाकलेलं आहे. तीनही खोके परत १२००ला स्कॅन केले आणि पवनचक्की दिसेल तो प्रत्येक फोटो मोठा करून बघितला, चार शनिवार गेले. तेच वाकडं पातं आणखी एकाच फोटोत सापडलं, तेच कुंपण, आणि कुंपणापाशी एक काठीएवढं रोप, जे पोस्टकार्डात मुलाच्या कंबरेपर्यंत आलंय. आता ते दोन फोटो एका पाकिटात आहेत. पाकिटावर मी पेन्सिलीने लिहिलंय, "जोडी असावी, पवनचक्की आणि झाडावरून. मूळ क्रम आमच्याकडून गेला."