सागवानी चौकटीसाठी लाकूड कसे पारखावे आणि कसे घडवावे

घराच्या दारासाठी सागवान घ्यायचे ठरले की वखारीत पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘माल बल्लारशाचा आहे ना?’ हा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागाला, म्हणजे व्यापारी ज्याला अजूनही ‘सीपी टीक’ (सेंट्रल प्रोव्हिन्सेस, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग) म्हणतात त्याला, हा मान उगाच मिळालेला नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही तिथूनच लाकूड गेले. मात्र चौकट टिकते ती गावाच्या नावावर नव्हे, तर लाकूड गाभ्याचे आणि नीट मुरलेले, म्हणजे पुरते सुकलेले असेल तरच. या दोन्ही गोष्टींची पारख ग्राहकाला स्वतः करता येते.

प्रथम लाकडाचे कापलेले टोक पाहावे. सागाची वर्तुळे स्पष्ट दिसतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. मधला गाभा सोनेरी-तपकिरी असतो, तर सालीलगतचा भाग पांढरट असतो. गाभ्यावर ताजा रंधा मारून बोट फिरवले तर किंचित तेलकट लागते आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. गाभ्यातील टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये वाळवीला दूर ठेवतात. मुंबईच्या गोदीत मलबारी सागापासून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ते आजही पाण्यावर आहे, यावरून या लाकडाची ताकद कळते.

पांढऱ्या भागाला हे संरक्षण नसते. आमच्या मागच्या दाराची चौकट घेतली तेव्हा ती आधीच गडद रंगवलेली होती आणि आम्ही ती तशीच बसवून घेतली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उंबऱ्यापाशी रोज चिमूटभर पिठी साठू लागली. रंग खरवडला तेव्हा एका कडेची दोन बोटे रुंदीची पांढरी पट्टी किड्यांनी पोखरून भुगा केलेली दिसली. तिला चिकटून असलेला गाभा मात्र शाबूत होता. म्हणून रंग किंवा पॉलिश केलेले लाकूड कधीही घेऊ नये, आणि कोऱ्या लाकडाच्याही चारही बाजू पाहाव्यात. ‘आफ्रिकन टीक’ या नावाने मिळणारे काही लाकूड तर वेगळ्याच झाडाचे असते, तेव्हा तिथेही नावापेक्षा टोकाकडे पाहावे.

त्यानंतर ओलावा तपासावा. सुकलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो, म्हणजे घनफुटाला अठरा किलोच्या आसपास भरते. सात फूट लांब, पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड अशा चौकटीच्या उभ्या लाकडाचे माप ७ × ५ × ३ भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.७३ घनफूट होते. त्याचे वजन तेरा-चौदा किलो असावे. काट्यावर ते अठरा-एकोणीस भरले, तर लाकूड अजून ओले असण्याची शक्यता मोठी आहे. ओलावामापक मिळाल्यास उत्तम. बारा टक्क्यांच्या आसपासचा आकडा चालतो, कोकणात थोडा अधिक आणि विदर्भात थोडा कमी. साग इतर अनेक लाकडांच्या मानाने कमी आकसतो, तरी पाच इंची फळी ओल्यापासून सुकेपर्यंत तीन-चार मिलिमीटर आत येऊ शकते आणि दारात फट पडायला तेवढे पुरते. ओले लाकूड हाती आले तर ते सावलीत, वारा खेळेल अशा जागी, सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून रचावे आणि टोकांना ऑइल पेंट लावावा, म्हणजे तडे जाणार नाहीत. इंचभर जाडीलाही काही महिने द्यावे लागतात. सुताराने घाई केली तरी ग्राहकाने करू नये.

घडवताना साग रंध्याला आणि पटाशीला चांगला साथ देतो, पण त्यात सिलिका असल्यामुळे धार लवकर बोथट होते. यंत्राला कार्बाइडचे पाते लावावे. हातरंध्याचे पाते मध्येच परजून घ्यावे, कारण बोथट पात्याने रेषा उचकटतात. कडेजवळ स्क्रू बसवण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडावे, नाहीतर लाकूड चिरते. सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, म्हणून मास्क लावूनच काम करावे. सांधा चिकटवताना लाकडातील तेल आड येते. रंधा मारलेल्या दिवशीच, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, तो चिकटवावा.

शेवटचे काम पॉलिशचे. ताज्या कापलेल्या सागावर हिरवट-काळपट पट्टे दिसतात आणि पुष्कळ जण ते झाकण्यासाठी लगेच गडद रंग मागतात. तसे करू नये. रंधलेले लाकूड काही दिवस उजेडात ठेवले की बहुतेक पट्टे सोनेरी-तपकिरी रंगात मिसळून जातात. मग पृष्ठभाग थिनरने पुसून पहिला हात पातळ द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा, कारण सागातील तेलामुळे काही वॉर्निश उशिरा वाळतात. बाहेरच्या दाराचे पॉलिश झिजले की लाकूड उन्हापावसाने राखाडी होऊ लागते. तो रंग बहुधा वरवरचाच असतो आणि हलक्या हाताने घासले की खालून पुन्हा सोनेरी गाभा दिसतो.