घोड्याला उवा झाल्या? या चुका टाळा

तुळशीची लग्नं लागली की पुण्यात वराती सुरू होतात, आणि त्याच सुमारास माझा फोनही वाजू लागतो. "घोडी सारखी खांबाला अंग घासतेय, आयाळीचे केस गेलेत, काय लावू?" थंडीत घोड्याच्या अंगावर दाट केस येतात आणि त्या उबेत उवा वाढतात. उन्हाळ्यात दाट केस झडतात, उन्हाने कातडी तापते आणि त्यांची संख्या घटते. म्हणजे ज्या महिन्यांत वरातीच्या घोड्याला सगळ्यात जास्त काम, तोच उवांचा हंगाम. उवांनी घोडा सहसा मरत नाही. मरायची वेळ येते ती आपण घाईने केलेल्या उपायांमुळे.

न बघताच औषध लावणे

"काय लावू" हा प्रश्न मला पहिल्याच वाक्यात ऐकू आला की वाईट वाटतं. आधी बघा तरी! खाज म्हणजे उवाच असं नाही. पावसाळ्यात चिलटं चावूनही घोडा आयाळ घासून घासून रक्त काढतो. फक्त शेपटीचं मूळ घासत असेल तर पोटातले जंत असू शकतात. तबेल्याला लागून कोंबड्यांचं खुराडं असेल तर रात्री तिथले पिसवांसारखे बारीक किडे येऊन चावतात. गोल चट्टे पडून केस गेले असतील तर नायटा असेल.

मी घोडा उन्हात उभा करतो आणि बोटांनी केस फाकवून कातडीपर्यंत बघतो. घोड्याच्या उवा दोन जातींच्या. एक कातडीवरचा कोंडा कुरतडून खाणारी, पिवळसर तपकिरी, एक-दोन मिलिमीटरची. ती मानेच्या बाजूला, कुशीवर आणि पाठीवर सापडते. दुसरी रक्त पिणारी, करडी, थोडी मोठी. ती आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी, खुरांवरच्या लांब केसांत असते. लिखा केसाला डिंकाने चिकटवल्यासारख्या असतात, खराऱ्याने, म्हणजे घोड्याचं अंग घासायच्या ब्रशने, निघत नाहीत. कोंडा फुंकर मारली तरी उडतो. हे बघायला दहा मिनिटं लागतात, तरी नव्वद टक्के लोक बघत नाहीत.

गुरांचं किंवा कुत्र्याचं औषध घोड्याला लावणे

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा. अमिट्राझ घोड्याला लावायचं नाही. गुरांच्या गोचिडांवर आणि कुत्र्यांच्या खरजेवर ते सर्रास वापरतात, म्हणून औषधाच्या दुकानात सहज मिळतं. घोड्याच्या अंगात ते गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात चारा अडकून घट्ट होतो आणि पोटशूळ उठतो.

मुळशीकडच्या एका फार्महाउसवर मुलांना फिरवायला ठेवलेलं पांढरं तट्टू होतं. मालकांकडे आठवड्याच्या शेवटी वाढदिवसाचे पाहुणे येणार होते आणि त्यांना तोवर तट्टू स्वच्छ हवं होतं. शेजारच्या गोठ्यात म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली होती. तीच पाण्यात घातली, लवकर गुण यावा म्हणून जरा जास्तच, आणि मानेपासून शेपटीपर्यंत स्पंजने चोपडली. संध्याकाळी तट्टू मान खाली घालून पेंगत उभं राहिलं, चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, तोंड लावलं नाही. खाज थांबली म्हणून बिचारं झोपलंय, असं घरात सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी लीद नाही. दुपारी ते वळून वळून कुशीकडे बघायला आणि लोळायला लागलं, तेव्हा मला बोलावलं. मी कुशीला कान लावला. घोड्याचं पोट सतत गुरगुरत असतं, आणि इथे आत काहीच हालत नव्हतं.

डॉक्टरांनी आधी अंग धुऊन उरलेलं औषध काढायला लावलं, मग नाकातून नळी घालून पोटात लिक्विड पॅराफिन सोडलं, सलाइन लावलं. घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार रात्रभर तिथून उठला नाही. तट्टू वाचलं, पण पुढे कित्येक दिवस हाडं मोजता येतील इतकं खंगलेलं होतं. उवा? त्या तिथेच होत्या, कारण लिखा तशाच राहिल्या आणि दुसरा हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

म्हणून माझी सवय अशी: बाटलीवर कोणत्या जनावराचं चित्र आहे ते बघत नाही, बारीक अक्षरातला घटक वाचतो. घोड्याच्या उवांवर पर्मेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन चालतं. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, त्यामुळे किती पाण्यात किती घालायचं ते तुमच्या पशुवैद्यांनाच विचारा, दुकानदाराला विचारू नका. "थोडं जास्त घातलं" हे वाक्य तर तबेल्यात उच्चारूच नका. आणि तबेल्यात मांजर असेल तर औषध वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. पर्मेथ्रिन मांजरीला घातक आहे.

रॉकेल, डिझेल, जुनं ऑइल: कातडी भाजते. विषय संपला.

जंतांसाठी आयव्हरमेक्टिनची पेस्ट दिलीय, आता उवाही जातील, असं समजू नका. रक्त पिणाऱ्या उवांवर ती काम करते, कोंडा खाणाऱ्यांवर तिचा भरवसा नाही.

एकदा लावून मोकळे होणे

या औषधांनी चालत्याफिरत्या उवा मरतात, लिखा मरत नाहीत. जातीप्रमाणे पाच दिवसांपासून वीस दिवसांपर्यंत त्या फुटत राहतात, आणि नवी पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालतात. हे चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा हात हवाच, आणि त्यानंतरही जिवंत उवा दिसल्या तर डॉक्टरांना विचारून तिसरा. "पहिल्यांदा लावलं तेव्हा खाज थांबली होती हो" असं सांगणारे महिन्याभराने परत येतात आणि औषध बनावट होतं म्हणतात. औषध बरोबर होतं, तुम्ही अर्ध्यावर सोडलंत.

मी तबेल्याच्या दारावर खडूने दोन तारखा लिहितो, आजची आणि पुढची. मोबाइलमधली आठवण माणसं बोटाने सरकवून टाकतात, दारावरचा खडू मोतद्दाराला रोज दिसतो.

घोडा धुतला, झूल तशीच

वरातवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. जरीची मखमली झूल धुतली तर रंग जातो, म्हणून ती वर्षानुवर्षं धुतली जात नाही. आज या घोडीवर, उद्या त्या घोडीवर, परवा भाड्याने कात्रजला. घोड्याशिवायही उवा आठवडाभर तग धरू शकतात आणि लिखा उबेत त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही घोडी स्वच्छ करता आणि संध्याकाळी तिच्या पाठीवर पुन्हा उवाच चढवता.

नमदा (खोगिराखालचं जाड कापड), तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), मोरकी (तोंडावर बांधायची दोरी), सुती झूल हे सगळं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. मखमल धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन आठवडे बाजूला ठेवा. हंगामात तीन आठवडे झूल बाजूला ठेवणं परवडत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच दिवाळीआधी हे काम उरकायचं असतं. खरारा प्रत्येक घोड्याचा वेगळा हवा. स्वस्तातली वस्तू आहे, एवढी तरी कंजुषी करू नका.

एकाच घोड्याला औषध लावू नका. एका दावणीला आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा, खाज असो वा नसो.

नवा घोडा आणला की थेट दावणीत बांधू नका. सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे ऐन उवांच्या दिवसांत भरते, आणि तिथून ट्रकमध्ये चार घोडे एकमेकांना अंग घासत पुण्याला येतात. निदान दोन आठवडे त्याला वेगळा ठेवा, वेगळा खरारा वापरा, रोज आयाळ फाकवून बघा.

रायडिंग शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी घाबरू नये. घोड्याच्या उवा माणसाच्या डोक्यात वस्ती करत नाहीत.

आणि एका तबेल्यात सगळ्या घोड्यांना थोड्या, एकालाच पोत्याने उवा असतील, तर त्या एकाकडे नीट बघा. म्हातारा आहे का, दात झिजलेत का, जंत आहेत का, कामाच्या मानाने चंदी कमी पडतेय का? निरोगी घोड्याच्या अंगावर उवा फार वाढत नाहीत. औषधानंतरही काही दिवस खाज राहते, त्याला घाबरू नका. पण हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, घोडा वाळत चालला असेल, थोड्या चालीनेही थकत असेल, तर उवांनी बरंच रक्त प्यायलं आहे किंवा आत दुसरंच काही आहे. तेव्हा त्याला वरातीला उभा करू नका. सुपारी घेतली असली तरी परत करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.